मालकाची खतावणी आणि मजुरांची नावे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संपादित भाग)



अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यात न्यू ऑर्लिन्स शहरापासून मिसिसिपीच्या काठाने वर जाऊ लागले की दोन्ही तीरांवर जुन्या मळेवाल्यांच्या हवेल्या लागतात. उंच पांढरे खांब, चारी बाजूंनी फिरणारे सज्जे, दारापर्यंत नेणाऱ्या जुन्या ओक वृक्षांच्या रांगा. यांतील अनेक हवेल्या आज संग्रहालये झाल्या आहेत. काहींत लग्नसमारंभही होतात. प्रेक्षकाला चांदीची भांडी दाखवतात, फ्रेंच आरसे दाखवतात, मालकिणीचे दिवाणखान्यातले वाद्य दाखवतात. ही चांदी कोणाच्या घामातून आली, हा प्रश्न तेथे दीर्घकाळ कोणी विचारत नव्हते. कोणी विचारलाच, तर 'घरची नोकरमाणसे' असे मोघम उत्तर मिळे.

ही केवळ तक्रार नव्हे. जेनिफर आइकस्टेड आणि स्टीफन स्मॉल या दोन समाजशास्त्रज्ञांनी व्हर्जिनिया, जॉर्जिया आणि लुइझियाना या तीन राज्यांतील अशा १२२ स्थळांची पाहणी केली. ती २००२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक ठिकाणी गुलामगिरीचा उल्लेखच नव्हता, किंवा असलाच तर नाममात्र होता. ज्या व्यवस्थेच्या पायावर ती वास्तू उभी राहिली, ती व्यवस्थाच वास्तूच्या इतिहासातून वगळली गेली होती.

या पार्श्वभूमीवर त्याच नदीच्या पश्चिम तीरावरील 'व्हिटनी' या मळ्याचा इतिहास समाजवादी कार्यकर्त्याने समजून घेण्यासारखा आहे. डिसेंबर २०१४ मध्ये हा मळा संग्रहालय म्हणून खुला झाला आणि त्याने दर्शनाचा क्रमच उलटा केला. तेथे प्रेक्षक हवेलीच्या पायऱ्या चढून प्रवेश करत नाही. तो प्रथम एका साध्या लाकडी प्रार्थनामंदिरात जातो, नंतर नावे कोरलेल्या भिंतींपाशी, मग मजुरांच्या खोपटांपाशी, आणि अखेरीस मालकाच्या घराकडे. हे प्रार्थनामंदिर मुक्त झालेल्या गुलामांनी स्वतः उभारलेले आहे. ते मूळचे नदीच्या पलीकडच्या तीरावरचे. १८६८ मध्ये ज्या मंडळींनी ही उपासक संस्था स्थापिली, त्यांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थ होता 'जोखडविरोधी मंडळ'. मुक्तीनंतर तीनच वर्षांनी माणसे आपल्या देवालयाला कोणते नाव देतात, यावरून त्यांच्या आधीच्या आयुष्याची कल्पना यावी.

निळीपासून साखरेपर्यंत

हा मळा १७५२ साली अँब्रोज हायडेल या जर्मन स्थलांतरिताने स्थापन केला. पुढे घराण्याचे नाव फ्रेंच वळणाने 'हेडेल' झाले. आरंभी पीक होते निळीचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दोन घटना घडल्या आणि त्या प्रदेशाचे अर्थकारण पालटले. १७९१ साली सँ-दोमँग, म्हणजे आजच्या हैती, बेटावरील गुलामांनी बंड पुकारले आणि जगातील सर्वांत मोठा साखरपुरवठा कोसळला. त्यानंतर १७९५ मध्ये एत्येन द बोरे या मळेवाल्याने लुइझियानातील उसापासून दाणेदार साखर फायदेशीररीत्या तयार होऊ शकते, हे दाखवून दिले. एका बेटावरील गुलामांनी आपल्या बेड्या तोडल्या आणि बाजारपेठेच्या नियमाने त्याच बेड्या दुसऱ्या किनाऱ्यावर अधिक घट्ट झाल्या. १८०३ मध्ये लुइझियाना अमेरिकेच्या ताब्यात आले. पुढे परदेशी साखरेवरील आयातकराने तेथील मळेवाल्यांना संरक्षण दिले. मुक्त व्यापाराच्या गोष्टी बोलणाऱ्या दक्षिणेत साखरसम्राट मात्र सरकारी संरक्षणावर पोसले जात होते!

हेडेल घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नीळ सोडून ऊस धरला. १८४० ते १८६० या काळात मारी अझेली हेडेल या विधवा मालकिणीने मळा चालवला. तिच्या मालकीची १०१ माणसे होती. एका गाळप हंगामात या मळ्यावर ४,०७,००० पौंड, म्हणजे सुमारे १८५ टन साखर निघाल्याची नोंद आहे.

ऊस हे पीक कसे आहे, हे महाराष्ट्रातील श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. तोडलेला ऊस थांबत नाही, त्याचा रस तर मुळीच नाही. लुइझियानात आणखी एक संकट असे, ते हिवाळ्यातील हिमाचे. हिम पडण्याच्या आत सारा ऊस तोडून, गाळून, आटवून झाला पाहिजे. त्यामुळे ऑक्टोबरपासून वर्षअखेरीपर्यंत गाळप रात्रंदिवस चाले. शेतात तोडणी, घाण्यावर पिळणी आणि उकळत्या काहिलींच्या रांगेत एका काहिलीतून दुसऱ्या काहिलीत पळ्यांनी रस ओतणे, असे पाळ्यांचे काम असे. हात घाण्यात सापडत, अंग भाजे, झोपेअभावी माणसे जागच्या जागी कोसळत. गुलामगिरी ही मागासलेल्या शेतीची व्यवस्था होती आणि कारखानदारी येताच ती आपोआप गळून पडली, असे समजणाऱ्यांनी हा मळा पाहावा. येथे कारखाना शेतातच उभा होता. पाळ्या होत्या, घड्याळ होते, वाफेची यंत्रे होती. नव्हते ते फक्त वेतन.

रस आटवण्याची ही जीवघेणी पद्धत ज्याने मोडीत काढली, तो नॉर्बर्ट रिलियू न्यू ऑर्लिन्समधला एक स्वतंत्र कृष्णवर्णीय अभियंता होता. एका बंद पात्रातील वाफेने पुढच्या, कमी दाबाच्या पात्रातील रस आटवायचा, या त्याच्या शोधाला १८४३ मध्ये एकस्व मिळाले. आज महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत रस आटवला जातो तोही याच तत्त्वावर. ज्या समाजाने त्याच्या बांधवांना जनावरांच्या यादीत बसवले, त्या समाजाची साखर त्याच्याच बुद्धीने स्वस्त झाली.

साखरेच्या या प्रदेशाचे आणखी एक लक्षण होते. अमेरिकेत अन्यत्र गुलामांची संख्या जन्मांमुळे वाढत होती. लुइझियानाच्या ऊसपट्ट्यात मृत्यू जन्मांहून अधिक होते. ही तूट खरेदीने भरून काढली जाई. १८०८ पासून आफ्रिकेतून माणसे आणण्यास बंदी होती, म्हणून ती व्हर्जिनिया, मेरिलँडसारख्या राज्यांतून आणली जात. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसे अशी दक्षिणेकडे हलवली गेली आणि न्यू ऑर्लिन्स ही त्या व्यापाराची सर्वांत मोठी बाजारपेठ ठरली. व्हिटनीच्या आवारात एक छोटे अंगण आहे. मळा ज्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट पॅरिशमध्ये, म्हणजे जिल्ह्यात आहे, तेथे १८२३ ते १८६३ या चाळीस वर्षांत गुलामीत जन्मून तिसरा वाढदिवस न पाहता गेलेल्या सुमारे २,२०० बालकांची नावे तेथे कोरली आहेत. ती चर्चच्या दप्तरातून मिळाली. याच काळात खुद्द या मळ्यावर ३९ मुले दगावली, त्यांतील केवळ सहांनी वयाची पाच वर्षे गाठली होती.

माणूस तारण ठेवणारी पेढी

हा सारा व्यवहार काही क्रूर व्यक्तींचा खासगी उद्योग होता, असे मानणे सोयीचे आहे. क्रूर व्यक्ती मेल्या की प्रश्न मिटतो! परंतु मळ्याला लागणारे भांडवल येत होते कोठून? १८२७ साली लुइझियानातील मळेवाल्यांनी स्वतःची एक बँक स्थापन केली. सभासदांनी जमीन आणि गुलाम तारण ठेवायचे, त्या तारणावर बँकेने रोखे काढायचे, राज्य सरकारने त्या रोख्यांना हमी द्यायची आणि लंडनच्या बेअरिंग्ज या पेढीने ते युरोपच्या बाजारात विकायचे, अशी ती रचना होती. लंडनच्या दिवाणखान्यात व्याजाची कूपने कापणाऱ्या सद्गृहस्थाने चाबूक कधी पाहिलाही नसेल. पण त्याच्या व्याजाला आधार होता तो चाबकाखाली राबणाऱ्या माणसाचाच.

हा इतिहास फार जुना वाटत असेल, तर २००५ साल आठवावे. त्या वर्षी जे. पी. मॉर्गन चेस या बलाढ्य बँकेने जाहीर कबुली दिली, की तिच्यात पुढे विलीन झालेल्या लुइझियानातील दोन बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३,००० माणसे कर्जाला तारण म्हणून घेतली होती. कर्ज बुडाल्यामुळे त्यांपैकी सुमारे १,२५० माणसे बँकांच्या मालकीची झाली. बँकेने माफी मागितली. माणसे मातीत गेली, पण हिशेबाच्या वह्या मात्र जपून राहिल्या होत्या.

वही उलटी वाचताना

व्हिटनीच्या संग्रहालयाचे खरे महत्त्व येथे आहे. ज्यांना लिहावाचायला शिकण्याचीही मुभा नव्हती, त्यांचा इतिहास लिहायचा कशाच्या आधारे? ग्वेन्डोलिन मिडलो हॉल या न्यू ऑर्लिन्समधील कामगार चळवळीच्या घरात वाढलेल्या इतिहासकार स्त्रीने याचे उत्तर शोधले. १९८४ पासून त्या लुइझियानातील न्यायालयांची दप्तरे धुंडाळू लागल्या. मालक मेला की वाटणीसाठी मालमत्तेची यादी होई. घर, गुरे, काहिली, नांगर आणि माणसे. प्रत्येक माणसापुढे नाव, वय, कसब, व्याधी, कित्येकदा आफ्रिकेतील मूळ जमात आणि किंमत. मालकाने आपली मालमत्ता मोजली होती. हॉल यांनी त्याच याद्या माणसे मोजण्यासाठी वाचल्या. त्यातून लुइझियानातील १,०७,००० गुलामांची नावे उभी राहिली. व्हिटनीच्या आवारात ती दगडी फलकांवर कोरलेली आहेत. या एका मळ्यावर राबलेल्या साडेतीनशेहून अधिक माणसांची नावे वेगळ्या भिंतीवर आहेत.

या नावांना बहुधा आडनाव नाही. काही नावे मालकाने थट्टेने ठेवलेली आहेत. जी माणसे कोणत्याच यादीत आली नाहीत ती भिंतीवरही नाहीत. मालकाच्या खतावणीतून मजुराचा इतिहास लिहिताना ही मर्यादा राहणारच. पण वही तीच, शाई तीच, फक्त वाचणारा बदलला, तर नफ्याची नोंद गुन्ह्याचा पुरावा होते, एवढे या भिंती निर्विवाद सिद्ध करतात.

दुसरा आधार आहे तो १९३६ ते १९३८ या काळातील. महामंदीने बेकार झालेल्या लेखकांना रूझवेल्ट सरकारने काम दिले. त्यांपैकी काहींनी गुलामीतून मुक्त झालेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या तोंडून त्यांच्या हकिकती टिपून घेतल्या. अशा २,३०० हून अधिक हकिकती आज उपलब्ध आहेत. सांगणारे वृद्ध असले तरी गुलामीच्या काळात ते बालक होते. म्हणूनच व्हिटनीच्या प्रार्थनामंदिरात शिल्पकार वुड्रो नॅश यांनी घडवलेले पुतळे आहेत ते मुलांचे. सार्वजनिक खर्चाने केलेले एक काम किती दूरवर उपयोगी पडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

माणसांनी हे सारे मुकाट सोसले, असाही ग्रह होऊ नये. ८ जानेवारी १८११ रोजी याच जिल्ह्यात, नदीच्या पूर्व तीरावरील अँड्री यांच्या मळ्यावर, चार्ल्स देलोंद या गुलामाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. स्वतः देलोंद मळ्यावर मुकादमाचे काम करी. काही शे माणसे कोयते, कुऱ्हाडी घेऊन न्यू ऑर्लिन्सच्या रोखाने निघाली. दोन-तीन दिवसांत लष्कराने आणि मळेवाल्यांच्या तुकड्यांनी उठाव चिरडला. दोन गोरे मेले होते. मारल्या गेलेल्या व फाशी दिलेल्या गुलामांची संख्या शंभराच्या घरात जाते. त्यांची शिरे नदीकाठच्या बांधावर खांबांना लावण्यात आली. व्हिटनीत त्या शिरांचे स्मारक आहे. ते पाहणे सोपे नाही. परंतु पुढची गोष्ट त्याहून विचार करायला लावणारी आहे. ज्या मालकांचे गुलाम असे मारले गेले, त्यांना विधिमंडळाने प्रत्येकी ३०० डॉलर नुकसानभरपाई मंजूर केली. मारल्या गेलेल्या बंडखोराची भरपाई मिळाली ती त्याच्या मालकाला!

मुक्ती आली, जमीन आली नाही

१८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत ३९,५३,७६० गुलाम होते. एकट्या लुइझियानात ३,३१,७२६, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या जवळजवळ निम्मे. यादवी युद्ध झाले आणि १८६५ च्या डिसेंबरात तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली. त्याच वर्षी जानेवारीत सेनापती शर्मन यांनी दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया व फ्लॉरिडाच्या किनारपट्टीत मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला होता. वर्ष संपण्यापूर्वी अध्यक्ष जॉन्सन यांनी तो फिरवला आणि जमिनी जुन्या मालकांकडे परत गेल्या. लुइझियानात तर युद्ध चालू असतानाच लष्कराच्या देखरेखीखाली मळ्यांवर वार्षिक कराराची मजुरी सुरू झाली होती. माणूस मालकाच्या यादीतून सुटला, पण उत्पादनाचे साधन त्याच्या हाती आले नाही.

हेडेलांचा मळा १८६७ मध्ये ब्रॅडिश जॉन्सन या न्यूयॉर्कच्या मद्य व साखर व्यवसायातील भांडवलदाराने घेतला आणि नातवाच्या आडनावावरून त्याला 'व्हिटनी' हे नाव दिले. म्हणजे ज्या नावाने आज गुलामांचे स्मारक ओळखले जाते, तेही मुक्तीनंतरच्या मालकाचेच. मजूर त्याच खोपटांत राहिले. दुकान मळ्याचे, उधारी मळ्याची. शेजारच्या ऊसपट्ट्यांत १८८७ च्या नोव्हेंबरात सुमारे दहा हजार मजुरांनी संप पुकारला. मागणी काय होती? दिवसाला सव्वा डॉलर, पंधरवड्याला पगार, आणि तो मळ्याच्या दुकानातच चालणाऱ्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांऐवजी रोख पैशात. २३ नोव्हेंबरला थिबोडो गावात गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी किमान तीस कृष्णवर्णीय माणसांना ठार केले. प्रत्यक्ष संख्या याहून बरीच मोठी असावी असे अभ्यासक मानतात. त्यानंतर कित्येक दशके तेथील ऊसमजुरांत संघटना उभी राहू शकली नाही. व्हिटनीच्या खोपटांतून मजूर १९७५ पर्यंत राहत होते. लुइझियानातलाच अँगोला नावाचा दुसरा मळा पुढे तुरुंग झाला. तेथील शेतात कैदी आजही तासाला काही सेंट मजुरीवर राबतात. तेराव्या घटनादुरुस्तीने शिक्षा म्हणून सक्तीचे काम वगळले होते, त्या फटीतून जुनी व्यवस्था आत शिरली. एका मळ्याचे संग्रहालय झाले, दुसऱ्याचे कारागृह. भेट देणाऱ्याने दोन्ही ध्यानात ठेवली पाहिजेत.

स्मृतीची मालकी कोणाची?

१९९० च्या सुमारास व्हिटनीची जमीन फॉर्मोसा या तैवानी रसायन कंपनीने घेतली. तिला तेथे रेयॉनचा कारखाना काढायचा होता. विरोध झाला आणि तो बेत बारगळला. बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स या नदीकाठच्या पट्ट्यात जुन्या मळ्यांच्या जागी आज सुमारे दीडशे तेल व रसायन कारखाने आहेत. त्याला लोक 'कर्करोगाची गल्ली' म्हणतात. कारखान्यांच्या कुंपणाला लागून राहतात ती पुष्कळशी गुलामांचीच पतवंडे. ज्या जमिनीने पणजोबांचे आयुष्य घेतले, तिच्यावरची हवा आता पतवंडांच्या वाट्याला आली आहे.

पुढे न्यू ऑर्लिन्सचे धनाढ्य वकील जॉन कमिंग्ज यांनी मळा विकत घेतला. कंपनीने करवून घेतलेली पाहणी वाचताना त्यांना येथील गुलामांचा इतिहास समजला. सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक यांच्या संशोधनाच्या आधारे, स्वतःचे लक्षावधी डॉलर खर्चून त्यांनी संग्रहालय उभारले. २०१९ मध्ये त्यांनी ते एका विश्वस्त संस्थेच्या हवाली केले. एका श्रीमंत गोऱ्या गृहस्थाच्या इच्छेवर लक्षावधी कृष्णवर्णीयांची स्मृती अवलंबून असावी का, असा आक्षेप घेतला गेला. तो रास्त आहे. पण त्याचा रोख त्या गृहस्थावर कमी आणि इतकी वर्षे हे कर्तव्य टाळणाऱ्या सार्वजनिक संस्थांवर अधिक असायला हवा. १८११ चा उठाव जेथून सुरू झाला, तो मळा २०२४ मध्ये गुलामांच्या वंशजांच्याच संस्थेने विकत घेतला, ही त्या दृष्टीने आश्वासक घटना होय.

सार्वजनिक संस्था किती लवकर माघार घेतात, तेही दिसले आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी राष्ट्राला कमीपणा आणणारा इतिहास सरकारी संग्रहालयांतून दूर करण्याच्या हेतूने आदेश काढला. पुढच्याच महिन्यात व्हिटनीला मंजूर झालेले केंद्रीय अनुदान रद्द झाल्याचे कळवण्यात आले. काही आठवड्यांनी ते पूर्ववत झाले, पण इशारा द्यायचा तो देऊन झाला होता. जी सत्ता वही जाळू शकत नाही, ती वही वाचणाऱ्याचा दिवा काढून घेऊ पाहते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वी देऊन झाले आहे. १८७३ साली जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना दास्यातून सोडवावे, ही त्या अर्पणामागची आशा होती. पुण्यात बसून मिसिसिपीकाठच्या माणसाला आपला म्हणणारी ही दृष्टी आपला वारसा आहे. परंतु फुल्यांनी ज्या मुक्तीचे कौतुक केले, ती कायद्यात पूर्ण आणि जमिनीच्या मालकीत अपुरी राहिली, हे त्यानंतरच्या इतिहासाने दाखवले. त्या अपुरेपणाचीही नोंद घेतली, तरच तो वारसा पुढे चालवला असे म्हणता येईल.

व्हिटनीच्या भिंतीपुढे उभा राहणारा प्रेक्षक नावे वाचतो, कोणी त्यांवरून हात फिरवतो, आणि परततो. नावे कोरल्याने मजुरी चुकती होत नाही. मात्र ज्याचे नावच खोडलेले आहे, त्याची थकबाकी मागायची तरी कोणाच्या नावे? म्हणून नाव ही पहिली मागणी. जमीन, वेतन आणि श्वास घेण्याजोगी हवा या तिच्या पुढच्या मागण्या. मालकाची खतावणी अजून मिटलेली नाही. तिच्यातली देण्याची बाजू भरायची राहिली आहे.